पलटणीच्या इतिहासातला नाईक

मी एका माणसाची स्तुती छापली आणि त्या स्तुतीने त्याच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. हे मला कळले तेव्हा मी त्याच्याच मुलखात, आणखी स्तुती गोळा करण्यासाठी हिंडत होतो. ज्यांनी कर्जत-खालापूरचा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे प्रवासवर्णन लिहितो आहे. पण आधी माझी चूक सांगितल्यावाचून पुढचा रस्ता सांगता येणार नाही.

महायुद्धात मी आमच्या पलटणीत हवालदार होतो, आणि अक्षर बरे म्हणून कचेरीत लिहिण्याच्या कामावर होतो. आता साताऱ्याकडे एका गावी शाळामास्तर आहे. आमच्या पलटणीचा इतिहास मराठीत कोणी लिहिला नव्हता, म्हणून मी तो लिहायला घेतला. भरती, बसऱ्याला उतरणे, तैग्रीस नदीच्या काठाने वर केलेली कूच, नदीच्या वळणावरच्या गावात पडलेला वेढा, शरणागती आणि मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट. पुण्याच्या एका मासिकाने ही प्रकरणे छापली. वेढ्याच्या प्रकरणाचे फार कौतुक झाले. आमच्या गावचे वकील मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले.

त्या प्रकरणात मी असे लिहिले होते. पीठ संपत आले तेव्हा साहेबांनी तोफखान्याचे घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस शिध्यात द्यायला सुरुवात केली. आमचे शिपाई ते घेईनात. दसऱ्याला ज्याला हळदकुंकू वाहायचे, खंडोबा ज्याच्यावर बसतो, ते जनावर खायचे कसे? कोवळी पोरे खंदकात बसल्या जागी कोसळू लागली. तेव्हा आमच्या कंपनीतल्या एका नाईकाने सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला. प्रायश्चित्त काय ते घरी जाऊन घेऊ, आधी घरी तर पोचू, असे तो म्हणाला. त्याच्यामागून पोरे खाऊ लागली आणि जगली. हे मी त्याच्या नावानिशी आणि गावानिशी लिहिले. या खेपेस त्याचे नाव लिहीत नाही, गावाचेही लिहीत नाही. आम्ही त्याला नुसते नाईक म्हणत असू, तसेच इथेही म्हणतो.

कर्जत

मार्गशीर्षात शाळेला रजा काढून निघालो. इतिहासाचे पुस्तक करायचे होते, त्यासाठी जुन्या सोबत्यांना भेटून आठवणी मिळवाव्यात असा बेत होता. घाट उतरून गाडी कर्जतला आली आणि हवा एकदम ओलसर, जड लागली. आमच्याकडे या दिवसांत ओठ फुटतात. इथे सदरा अंगाला चिकटत होता. भात कापून झालेल्या खाचरांत वालाचे हिरवे वेल पसरलेले होते. एक पीक निघाले की राहिलेल्या ओलीवर दुसरे, ही सोय आमच्या काळ्या रानात नाही.

स्टेशनाजवळच भिसेगावात शंकर राहतो. वेढ्यात तो माझ्याच कंपनीत होता, आता रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला आहे. मला वाटले होते, तो मिठी मारील. त्याने मला ओट्यावर बसवले, चहा आणवला, आणि घाटात गाड्यांना मागून लावतात त्या इंजिनांविषयी बराच वेळ बोलत राहिला. मी वेढ्याचा विषय काढला की तो घरात जाऊन काहीतरी आणायचा. एकदा सुपारी आणली, एकदा पंखा. पंख्याचे दिवस नव्हते.

शेवटी मी सरळ म्हणालो की पुस्तकात त्याच्याविषयी दोन पाने घालतो. त्याने आत बायकोकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"हवालदार, पाया पडतो. माझं नाव कुठं घालू नका."

मी कारण विचारले. तो म्हणाला, माथेरानला उस्मान हाय, त्याला विचारा, तो सांगल. मला वाटले, शंकर भित्रा झाला आहे. नोकरदार माणूस, वरिष्ठांना भीत असेल. त्याची कीव करीत मी नेरळची गाडी धरली.

माथेरान

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी इतकी सावकाश चढते की वाटेत उतरून करवंदीच्या जाळीशी उभे राहावे आणि पुन्हा चढून बसावे. वर गेले की चाकांचा आवाज संपतो. मोटारींना मज्जाव, माणसे घोड्यावर, नाहीतर माणसांनी ओढायच्या रिक्षांत. रस्ते तांबडे. माझे पांढरे धोतर दुपारपर्यंत गुडघ्यापर्यंत तांबडे झाले होते आणि हॉटेलातले मुंबईकर ते पाहून हसत होते.

उस्मान कोकणी मुसलमान, मूळचा पनवेलकडचा. पलटणीत तो खेचरांवर होता. आता भाड्याचे घोडे बाळगतो. मला पाहून तो ओरडला नाही, नुसता हात धरून तबेल्याकडे घेऊन गेला. एका तांबूस घोड्याने मान लांब करून माझ्या खांद्याला नाक लावले. मी दचकून मागे सरलो आणि शेणात पाय घातला.

"वळखलं रं त्यानं तुला," उस्मान म्हणाला.

मी हसण्याचा प्रयत्न केला. तो मात्र घोड्याचा लगाम सोडवीत राहिला. मग आम्ही त्याच्या खोलीबाहेर बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. गावी असतो तर त्याच्या घरचे खाण्याआधी मी इकडे तिकडे पाहिले असते, हे मला इथेच कबूल केले पाहिजे. भाकरी पांढरी, मऊ, हातात घेताच वाकणारी. ज्वारीच्या भाकरीच्या सवयीच्या माणसाला पोट भरल्यासारखे वाटत नाही.

जेवण झाल्यावर तो बोलला. हॉटेलातल्या एका कारकुनाने त्याला माझे प्रकरण वाचून दाखवले होते. तसेच ते नाईकाच्या गावच्या मास्तराने चावडीत वाचून दाखवले होते, मोठ्या अभिमानाने. आठ दिवसांत मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांनी नारळ परत केला. न्हावी घरी येईना. घरचा विस्तव कोणी नेईना, पाणी कोणी पिईना. नाईकाला वाळीत टाकले होते.

मी म्हणालो की मी तर त्याच्या शौर्याचे लिहिले. उस्मानने दाढीवरून हात फिरवला.

"मुंबईला बोटीवरनं उतरताना काय ठरलं व्हतं?"

मला आठवत होते. कैदेतून सुटून आलो तेव्हा धक्क्यावर पाय ठेवण्याआधी आम्ही उरलेले सगळे कठड्याशी उभे होतो. जे तिकडे पोटात गेले ते तिकडेच राहील, घरी कोणी कोणाचे नाव घ्यायचे नाही, असे ठरले होते. शंकर होता, उस्मान होता. नाईक होता. मी होतो. लिहिताना हे मला आठवले नव्हते असे मी सांगू शकत नाही. आठवले होते. प्रकरण फार चांगले जमले होते, आणि इतकी वर्षे झाली, आता कोण मनावर घेतो, अशी मी समजूत करून घेतली होती.

"आन दुसरं इचारतो," उस्मान म्हणाला. "त्यात तुझं नाव कुठं हाय?"

कुठेच नव्हते. वेढ्याच्या शेवटी मला रक्ताची हगवण लागली होती. पीठ पोटात ठरत नव्हते. नाईक डब्यात मांस उकळायचा, त्याचे पाणी मला पाजायचा आणि मऊ झालेले तुकडे स्वतःच्या बोटांनी माझ्या तोंडात घालायचा. मी नको म्हटले नाही. एकदाही म्हटले नाही. आणि मासिकात मी छापले होते की, आम्ही कचेरीतील मंडळींनी मूठभर पिठावर दिवस काढले.

मी उस्मानला म्हणालो, चल माझ्याबरोबर नाईकाकडे. तो म्हणाला, "मी आलो तर तुला सोपं जाईल. म्हनून येत नाय."

डोंगर उतरून खालापूर

रेल्वेने परत न जाता डोंगराच्या दुसऱ्या अंगाने चौक गावाकडे पायवाट उतरते, तिने गेलो. खरे तर नेरळहून साताऱ्याला परत जावे असा विचार रात्रभर मनात होता. उस्मानने पहाटे मला वाटेला लावून दिले आणि मी दिसेनासा होईपर्यंत तो उभा राहिला, म्हणून मी गेलो. यापेक्षा चांगले कारण माझ्याकडे नाही.

वाट कड्याला चिकटून खाली जाते. खाली दरीत धुके साचलेले, त्यातून शिखरे तेवढी वर. मोळी विकून परत निघालेली एक ठाकरीण पुढे चालली होती, तिने मला सोबत घेतले. माझे बूट गवतावरून घसरत होते. दोनदा मी बसलो, म्हणजे पडलो. ती वळून म्हणाली, "बूट काढ रं बाबा, डोंगराला पाय दिसू देत." मी अनवाणी झालो. तिच्या वाडीत कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरे होती. तिने मला वरीची पेज दिली आणि कुठे जातोस विचारले. गाव सांगितल्यावर ती म्हणाली, तिकडं लोक आता भांडतात. कशावरून ते तिला ठाऊक नव्हते.

चौकहून खालापूरपर्यंत माल नेणाऱ्या मोटारीत तांदळाच्या पोत्यांवर बसून गेलो. खालापूरला कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानात नाईकाच्या गावची वाट विचारली. दुकानदार म्हणाला, तिथं कोणाकडे? मी नाव सांगितले. बाकावरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले.

"कोन? घोडेखाऊ?"

दुकानदाराने त्यांना दटावले आणि मला वाट सांगितली. मी कोण म्हणून त्याने विचारले, तेव्हा मी म्हणालो, शाळामास्तर आहे. इतिहास लिहिणारा मीच, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. चहा अर्धा टाकून उठलो.

नाईकाचे गाव

कुंभिवलीच्या पुढे मोठा रस्ता सोडला की गाडीवाट डोंगराकडे वळते. गाव लहान आहे. नाईकाचे घर शेवटचे नाही, अगदी मध्ये आहे, आणि त्यामुळे ते जास्त जाणवले: दोन्ही बाजूंच्या घरांनी मधल्या अंगणात नवी कुंपणे घातली होती.

नाईक अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता. केस वाढलेले, दाढी पांढरी. त्याने मला ओळखले, उठला, आणि जागचा हलला नाही.

"ये हवालदार," तो म्हणाला. "पानी पिशील का आमच्यात?"

मी तांब्या हातात घेऊन सगळा प्यालो. शेजारच्या ओटीवरून एक म्हातारी पाहत होती. नाईकाने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्याने शाळा कशी आहे विचारले, मुले किती विचारली. एक मुलगी लग्नाची आहे, असे मी सांगितले. त्याची मुलगी तेव्हाच आतून गुळाचा खडा घेऊन आली. उंच, बापासारखी रुंद कपाळाची. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

नाईक शेंगा घेऊन मागे गेला तेव्हा त्याची बायको दाराआडून बोलली. गावचे पाटील थोड्या वेळापूर्वीच येऊन गेले होते. कोणी शाळामास्तर नाईकाकडे निघाला आहे ही बातमी खालापूरहून माझ्याआधी पोचली होती, आणि तो लिहिणाराच असणार हे त्यांनी ओळखले होते. पाटलांचे म्हणणे असे होते की, लिहिणाऱ्यानेच गावासमोर सांगावे, ही छापखान्याची चूक, माणूस दुसराच होता. मग वाळीत टाकणे उठेल आणि मोडलेली सोयरीकही कदाचित जुळेल.

"भावजी, तुमी लिवनारं मानूस," ती म्हणाली. "तुमी लिवलं ते समद्यांनी खरं मानलं. आता एकदा खोटं बोला, ते बी खरंच मानतील. पोरीसाठी बोला."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. यात तिच्या मुलीचा विचार होता, आणि माझ्या मुलीचाही होता, हे लपवत नाही. खोटे बोललो की मीही सुटत होतो.

नाईक परत आला तेव्हा त्याला मी हे सांगितले. 

"मी कवा लाजलो नाय," तो म्हणाला. "सांगितलं नाय, येवढंच. पन आता कोनी इचारलं तर नाय कसं म्हनू? ती पोरं त्यावर जगली रं. त्यातली दोन तर अजून दिवाळीला येऊन जात व्हती." मग थांबून म्हणाला, "ते बी आता येत नायत."

बायकोने आतून भांडे आपटले. त्या घरात त्या दिवशी दोघांचेही बरोबर होते आणि मी मध्ये बसलो होतो.

संध्याकाळी पाटलांच्या शेतात पोपटी होती. आमच्याकडे हुरडा असतो तशी इकडे पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वांगी भरतात, तोंड पाल्याने बंद करून मडके उलटे ठेवतात आणि भोवती गवत-गोवऱ्यांचा जाळ करतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याचा उग्र वास शेतभर पसरतो. सगळे गाव जाळाभोवती जमते, म्हाताऱ्यांच्या जुन्या थट्टा चालतात. अशा मेळाव्याला नाईकाच्या घरचे कोणी बोलावलेले नव्हते.

मडके काढून चटईवर ओतले. मला पहिला वाटा दिला, शेंगा आणि वांगे, पानावर. पाटील म्हणाले, मास्तर लांबून आलेत, छापखान्यात कसं चुकलं ते सांगतील.  मी सुरुवात केली. "छापखान्यात," मी म्हणालो, आणि पुढचे शब्द तयार होते. तेवढ्यात जाळ भडकला आणि पलीकडच्या बांधावर नाईक उभा दिसला. बोलावलेला नसताना आला होता, बांध ओलांडत नव्हता. हाताची घडी घालून मी काय बोलतो ते ऐकत होता. कंपनीत हुकूम वाचून दाखवताना तो असाच उभा राहायचा.

मी पान खाली ठेवले. छापखान्यात काही चुकले नाही, मी म्हणालो. त्याने खाल्ले. त्याने खाल्ले म्हणून आमच्या कंपनीची पोरे जगली. मीही खाल्ले. मी आजारी होतो आणि त्याने मला भरवले, रोज, लहान मुलाला भरवावे तसे. ते मी लिहिले नाही. तुम्हाला वाळीत टाकायचे तर दोघांना टाका.

 एका म्हाताऱ्याने विचारले, "चव कशी असती रं?" पोरे हसली. मी सांगितले की मीठ नव्हते, त्यामुळे नीट कळले नाही. आणखी थोडे हसले. पाटील हसले नाहीत.

"मास्तर, तुमची पोरगी उजवली का?" त्यांनी विचारले.

मी नाही म्हणालो.

"मग आता बगा," पाटील म्हणाले, आणि उठले. त्यांच्यामागून एकेक जण उठला. तो म्हातारा मात्र शेंगा संपेपर्यंत बसून राहिला. मी बांधाकडे पाहिले तेव्हा नाईक घरी गेला होता.

कुंभिवलीच्या रस्त्यावर

त्या रात्री नाईकाच्या बायकोने माझ्यापुढे ताट ठेवले, वालाचे बिरडे आणि भात. ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिच्यावर तसा अन्याय केल्यावर तिने बोलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. मुलगी मात्र वाढताना एवढेच म्हणाली की आईला दोन दिवस राग राहील, मग जाईल. ज्यांनी नारळ परत केला त्या घरी आपल्याला तसेही जायचे नव्हते, असेही ती म्हणाली. ती मला बरे वाटावे म्हणून बोलली की खरेच, हे मला आजही माहीत नाही. हे लिहिताना तिचे लग्न जुळलेले नाही. मी पोपटीला बोललो ते आमच्या गावापर्यंत पोचले; माझ्या मुलीकडे पाहायला येणारे पाहुणे आले नाहीत, आणि माझ्या धाकट्या भावाने चूल वेगळी मांडली आहे.  माझ्या बायकोने नाईकाच्या घरी पाठवायला ज्वारीचे पीठ दळून ठेवले आहे.

सकाळी नाईक मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत तो एका ठिकाणी थांबून कोणाचे तरी बैल दुसऱ्याच्या वालात शिरले होते ते हाकलून आला. म्हणाला, बोलत नसले म्हणून काय, त्यांचा वाल कशाला जाऊ द्यायचा. रस्त्यावर आम्ही मोटारीची वाट पाहत उभे राहिलो. खडी पसरण्याचे काम चालू होते, धूळ उडत होती.

मला एकदम जाणवले की गावापुढे मी इतके बोललो, पण या माणसाला माझ्या चुकीविषयी मी अजून एक शब्दही बोललेलो नाही. गावापुढे बोलणे त्या मानाने सोपे होते. तिथे मला थोडा शूर झाल्यासारखेही वाटले होते, आणि त्याचीही आता लाज वाटते. मोटार वळणावर दिसू लागली. त्याने ती थांबवायला हात वर केला. मी तो हात धरून खाली घेतला. मोटार गेली. त्याने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "नाईक, जे घरी सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं ते मी छापलं, आणि तू मला जगवलंस ते लपवलं. दोन्ही माझ्या मोठेपणासाठी केलं. तुला एकदा विचारलंसुद्धा नाही. माझं चुकलं. मला क्षमा कर."